वाचकांचे प्रश्न : चांदमारीचे मैदान आणि पर्यावरणाचा कायदा

लष्करी सरावाची मैदाने आणि पर्यावरण कायदे या विषयावर गेल्या अंकात टिपण आले होते. त्यावर मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. माझा पुतण्या सध्या पहाटे चारला उठून भरतीसाठी धावतो आहे. सरावाची मैदाने कमी होत चालली आहेत आणि कधी वन्यजीवांचा तर कधी वनांचा कायदा आडवा येतो, असे ऐकतो. जवानाला सीमेवर पाठवायचे आणि त्याला नीट सरावही करू द्यायचा नाही, हे कोणत्या न्यायात बसते? (कंधार तालुका, जि. नांदेड)

सुभेदारसाहेब, आपल्या प्रश्नातील पहिला भाग पूर्णपणे मान्य करून सुरुवात करतो. १५५ मिलिमीटरच्या आधुनिक तोफेचा पल्ला तीस किलोमीटरच्या पुढे जातो. असा गोळा कोठे पडतो, वारा त्याला किती ढकलतो आणि शेजारची तुकडी त्या वेळी किती अंतरावर असली पाहिजे, हे पडद्यावरच्या सरावाने पूर्ण कळत नाही, ही गोष्ट आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. सराव अपुरा राहिला तर त्याची किंमत आपल्या पुतण्यासारखी मुलेच मोजतील, म्हणून विस्तीर्ण मोकळ्या जमिनीची लष्कराची मागणी रास्त आहे.

पर्यावरणाचा कायदा लष्कराला आडवा येतो, हा समज मात्र कागदपत्रे पाहिल्यावर टिकत नाही. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेने राष्ट्रीय संरक्षण व सुरक्षेशी संबंधित प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिलेली आहे. वनसंवर्धन कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आतील सामरिक महत्त्वाचे रस्ते व तत्सम रेषीय प्रकल्प आणि दहा हेक्टरपर्यंतच्या सुरक्षाविषयक बांधकामांनाही मोकळीक मिळाली. उत्तराखंडातील चारधाम रस्त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२१ रोजी सैन्याची गरज मान्य करून दुपदरी रुंदीला परवानगी दिली. लष्कराला काय हवे आहे याचा फेरविचार न्यायालय करणार नाही, अशी भूमिका तेव्हा घेतली गेली. त्याच निकालाने डोंगर ढासळू नयेत यासाठीच्या शिफारशी पाळल्या जातात की नाही, हे पाहण्याकरिता निवृत्त न्यायमूर्ती ए. के. सिक्री यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमली, हा भाग मात्र वर्तमानपत्रांत फारसा आला नाही. गरज ठरवणे सैन्याकडे आणि ती भागवताना होणारे नुकसान कमी राखण्यावर नजर ठेवणे तिसऱ्या कोणाकडे, अशी ती विभागणी होती आणि मला ती योग्य वाटते.

मैदाने आक्रसण्याचे मोठे कारण वेगळे आहे. आपल्याकडील बहुतेक मैदाने लष्कराच्या मालकीची नसून राज्य सरकारच्या अधिसूचनेने ठरावीक मुदतीपुरती वापरायला मिळालेली असतात. आसपास वस्ती वाढते, माळावर विहिरी खोदल्या जातात, कोरडवाहू रान बागायत होते आणि मुदत संपली की राज्य सरकारला ती वाढवणे जड जाते. माळढोकामुळे किंवा हरणामुळे तोफ थांबली, अशी उदाहरणे फार थोडी सापडतात आणि जी सापडतात त्यांत ती कायमची थांबलेली नसते. ओडिशाच्या किनाऱ्याजवळील अब्दुल कलाम बेट हे क्षेपणास्त्र चाचण्यांचे ठिकाण आहे, आणि त्याच किनाऱ्यावर गहिरमाथा येथे ऑलिव्ह रिडले कासवे लाखोंच्या संख्येने अंडी घालायला येतात. मोठ्या आवाजाने आणि प्रखर दिव्यांनी कासवे बिचकतात, म्हणून २०२४ च्या जानेवारी ते मार्च या विणीच्या काळात तेथील चाचण्या थांबवण्याचे ठरले. क्षेपणास्त्रांचा कार्यक्रम रद्द झाला नाही, त्याचे वेळापत्रक पुढेमागे झाले. ज्या शेतकऱ्याला पेरणीची आणि काढणीची वेळ सांभाळण्याची सवय आहे, त्याला अशा तडजोडीत नवल वाटण्याचे कारण नाही.

प्रश्न : माझे माहेर राहुरी तालुक्यात, के. के. रेंज या लष्करी सरावक्षेत्राच्या बाजूच्या गावात आहे. भाऊ सांगतो की आमची जमीन पुन्हा अधिसूचनेत आली आहे. जमीन आमच्या नावावर असताना तिथे तोफा कशा डागता येतात आणि नुकसान झाले तर आम्ही कोणाकडे जायचे? (अंबाजोगाई, जि. बीड)

ताई, आपल्या भावाने ज्या अधिसूचनेचा उल्लेख केला, ती १९३८ च्या कायद्याखाली निघते. लष्करी डावपेच, मैदानी गोळीबार आणि तोफखाना सराव यांच्यासाठी इंग्रजांनी केलेला हा कायदा आजही लागू आहे. त्याखाली राज्य सरकार एखादे क्षेत्र ठरावीक काळासाठी गोळीबाराच्या सरावाकरिता जाहीर करू शकते. जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते, सातबारा बदलत नाही, परंतु सरावाच्या दिवसांत धोक्याच्या पट्ट्यातून माणसांना आणि जनावरांना बाहेर ठेवण्याचा अधिकार शासनाला मिळतो. म्हणजे अधिसूचना आणि भूसंपादन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. राहुरी, पारनेर आणि नगर या तालुक्यांतील तेवीस गावांत गेली काही वर्षे जी भीती आहे ती पहिलीचे रूपांतर दुसरीत होईल याची आहे. ज्या राहुरी तालुक्याने मुळा धरणासाठी आणि कृषी विद्यापीठासाठी आधीच जमीन दिली, तेथे ही भीती कोणी हसण्यावारी नेऊ नये.

या जुन्या कायद्यातील काही कलमे गावकऱ्यांच्या बाजूची आहेत, पण ती त्यांना कोणी वाचून दाखवत नाही. राहते घर, देवस्थान, स्मशानभूमी, शाळा आणि एखाद्या समाजाला पवित्र असलेली विहीर किंवा तळे यांत डावपेचांसाठी शिरण्याची मुभा या कायद्याने दिलेली नाही. वापरलेली जमीन शक्य तितक्या लवकर आणि शक्य तितकी पूर्ववत करून देण्याची जबाबदारी तेथील सैन्याच्या प्रमुख अधिकाऱ्यावर आहे. व्यक्तीच्या किंवा मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई द्यावी लागते आणि ती ठरवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांनी महसूल अधिकारी नेमायचे असतात. म्हणून आपल्या भावाचा अर्ज छावणीकडे जाण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयात गेला पाहिजे. पीक उभे असतानाचे आणि नुकसानीनंतरचे छायाचित्र, तलाठ्याचा पंचनामा आणि सरावाच्या तारखांची सूचना ज्या दिवशी गावात लागली त्या दिवसाची नोंद, एवढे तरी त्याच्याजवळ असावे. भरपाईच्या नोंदी माहिती अधिकारात मागता येतात. २००५ च्या या कायद्याने काही गुप्तचर व सुरक्षा संघटनांना वगळले असले, तरी भूदल त्या यादीत नाही, आणि महसूल खात्याकडे असलेल्या पीकनुकसानीच्या नोंदींत लपवण्यासारखे काही नसते.

अधिसूचनेची मुदत ही निव्वळ औपचारिकता समजू नये, हे झारखंडातील नेतरहाटने दाखवून दिले आहे. तेथे १९६४ पासून तोफखान्याचा सराव होत असे आणि पुढे २४५ गावांचे क्षेत्र अधिसूचित झाले. मार्च १९९४ मध्ये सरावासाठी आलेल्या सैन्याच्या वाटेवर आदिवासी स्त्रीपुरुष जाऊन बसले, सैन्य परतले, आणि त्या दिवसांची आठवण म्हणून तेथे दरवर्षी मार्चमध्ये लोक जमत राहिले. अखेर मे २०२२ मध्ये संपलेली मुदत वाढवायची नाही, असा निर्णय राज्य सरकारने ऑगस्टमध्ये घेतला. काश्मीरमधील तोसामैदान या कुरणाचा करारही १९६४ ते २०१४ असा पन्नास वर्षांचा होता. तो संपल्यावर लष्करानेच न फुटलेले गोळे शोधून काढण्याची मोहीम हाती घेतली, कारण त्या कुरणात गुरे चारताना अनेक गावकऱ्यांनी प्राण आणि हातपाय गमावले होते. मोहिमेनंतरही तेथे जीवघेणे अपघात झाले. सराव थांबणे आणि जमीन निर्धोक होणे यांत किती अंतर असते, ते त्या कुरणाकडे पाहून समजते.

मला या १९३८ च्या कायद्यात एक मोठी उणीव दिसते. तो झाला तेव्हा वन्यजीव संरक्षण कायदा (१९७२), जलप्रदूषण कायदा (१९७४), पर्यावरण संरक्षण कायदा (१९८६) यांपैकी काहीच नव्हते. त्यामुळे त्याच्या नुकसानीच्या कल्पनेत तुडवलेले पीक आणि पडलेली भिंत आहे, भूजल नाही. तेवीस गावांच्या मागण्यांत जमिनीबरोबर पाण्याच्या तपासणीचीही मागणी असावी, असे मी आग्रहाने सुचवतो. तिचे कारण पुढील पत्राच्या उत्तरात येते.

प्रश्न : मी परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकतो. गोळीबाराच्या मैदानावरील स्फोटकांमुळे माती आणि विहिरींचे पाणी खरोखर बिघडते का, की ही नुसती भीती आहे? (परभणी)

बिघडू शकते, आणि ते कसे बिघडते हे आता बरेच स्पष्ट आहे. पूर्णपणे फुटलेल्या गोळ्यातील स्फोटक जवळजवळ सगळे जळून जाते आणि मागे अत्यल्प अंश राहतो. धोका असतो तो अर्धवट फुटलेल्या आणि न फुटता जमिनीत रुतलेल्या गोळ्यांचा. त्यांची कवचे गंजतात आणि आतील द्रव्य पावसागणिक बाहेर झिरपते. टीएनटी हे स्फोटक मातीच्या कणांना बऱ्यापैकी चिकटते आणि हळूहळू विघटित होते. आरडीएक्स हे दुसरे स्फोटक पाण्यात थोडेच विरघळते, पण मातीला फारसे चिकटत नाही, त्यामुळे ते खाली खाली जात भूजलापर्यंत पोचते. काही दारूगोळ्यात आणि अग्निबाणाच्या इंधनात वापरले जाणारे परक्लोरेट तर सहज विरघळते आणि शरीरात गेल्यावर थायरॉईड ग्रंथीच्या आयोडीन शोषण्यात अडथळा आणते.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील केप कॉड येथे कॅम्प एडवर्ड्स नावाचे जुने सरावक्षेत्र आहे. त्याच्या खालच्या वाळूमिश्रित थरातील भूजलावरच भोवतालच्या वस्तीचे पिण्याचे पाणी अवलंबून आहे. तेथील भूजलात ही द्रव्ये सापडू लागल्यावर १९९७ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने स्फोटके व शिशाचा दारूगोळा वापरून होणारा सराव थांबवण्याचा आदेश दिला. पाणी उपसायचे, गाळायचे आणि पुन्हा जमिनीत सोडायचे, असे काम तेथे अनेक दशके चालू आहे. सरावाच्या काळात जे वाचले, त्याच्या कितीतरी पट पुढे या कामावर गेले.

आपला भूभाग वाळूचा नाही, म्हणून आपण सुरक्षित आहोत, असे समजू नये. दख्खनच्या काळ्या कातळात पाणी मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत साठते, आणि भेग कोणत्या दिशेने जाते ते वरून दिसत नाही. एका विहिरीत काही सापडले नाही म्हणून दोनशे पावलांवरील दुसरी विहीर स्वच्छ आहे, असा निष्कर्ष या खडकात काढता येत नाही. त्यातच आपली काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते, आणि मृगाचे पहिले पाणी त्या भेगांतून मातीत न गाळताच खाली उतरते. आपण मृदाशास्त्राचे विद्यार्थी असाल, तर काळ्या जमिनीतून आरडीएक्स किती वेगाने उतरते, हा संशोधनासाठी उत्तम विषय आहे.

लहान शस्त्रांच्या मैदानांचा प्रश्न वेगळा आणि तुलनेने सोपा आहे. जालना, हिंगोली आणि छत्रपती संभाजीनगर येथे राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत आणि अशा प्रत्येक दलाला बंदुकीच्या नेमबाजीचा सराव लागतोच. तेथे मुख्य चिंता शिशाची असते आणि ते लक्ष्यामागच्या मातीच्या बांधात साचते. आपल्या चुनखडीयुक्त, अल्कधर्मी मातीत शिसे कमी विरघळते, ही जमेची बाजू आहे. तरीही बांधावरून वाहणारे पाणी अडवणे, ठरावीक वर्षांनी माती चाळून शिसे वेगळे काढणे आणि त्या बांधावर शेळ्या चरू न देणे, एवढे केले तर धोका पुष्कळ आटोक्यात राहतो.

तपासणीत एक मोठी फट आहे. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात शिशासाठी लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, परंतु आरडीएक्स आणि परक्लोरेट यांच्यासाठी मर्यादा नाही. म्हणून मैदानाशेजारच्या गावाने पाण्याचा नमुना नेहमीच्या प्रयोगशाळेत दिला आणि ‘पिण्यास योग्य’ असा शिक्का मिळाला, तरी या द्रव्यांची तपासणी झालेलीच नसते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने मैदानांभोवतीच्या निवडक विहिरींतून पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर नमुने घेऊन त्यांची या द्रव्यांसाठी वेगळी चाचणी करावी आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. तुकड्यांची हालचाल, दारूगोळ्याचा साठा हे गुप्त राहिलेच पाहिजे, त्याबद्दल कोणाचे दुमत नसावे. गावच्या विहिरीत काय आहे हे गुप्त ठेवल्याने मात्र देशाच्या संरक्षणाला तसूभरही बळ मिळत नाही. ती विहीर ज्यांची आहे त्यांची मुलेही सैन्यात आहेत, आणि या विषयावरील माझी सगळी भूमिका याच एका मुद्द्यावर उभी आहे.

एखाद्या ठिकाणी प्रदूषण सिद्ध झालेच, तर २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील पीठाकडे दाद मागता येते. नुकसानभरपाई व पुनर्स्थापनेसाठी पाच वर्षांची मुदत आहे. इतर वादांसाठी ती सहाच महिन्यांची असल्यामुळे पहिला अहवाल हाती आल्यावर दिरंगाई करू नये.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे आणि सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळावर माळढोक पाहत मोठा झालो. राजस्थानात उरलेले माळढोक लष्कराच्या मैदानावरच सुरक्षित आहेत, असे वाचले. मग आपल्याकडील माळही सैन्याला दिले तर पक्षी वाचतील का? (तुळजापूर, जि. धाराशिव)

गुरुजी, आपण वाचलेल्या गोष्टीत तथ्य आहे. पोखरणच्या गोळीबार क्षेत्रात माळढोकांचा वावर आहे आणि देशाच्या माळांवर उरलेल्या सुमारे दीडशे पक्ष्यांत त्या भागाचा वाटा मोठा आहे. तेथे नांगर फिरत नाही, कुंपणे आणि विजेच्या तारा कमी आहेत, वर्दळ नाही. गोळीबार थोडे दिवस चालतो आणि नंतर कित्येक आठवडे माळ शांत असतो. माळढोकासाठी ती शांतता अधिक मोलाची ठरते. इंग्लंडमधील सॅलिसबरी प्लेन हे मैदान १८९७ पासून सैन्याकडे आहे. तेथे खडूच्या जमिनीवरील नैसर्गिक गवताळ प्रदेशाचा वायव्य युरोपातील सर्वांत मोठा तुकडा टिकून राहिला. रणगाड्यांच्या चाकोऱ्यांत साचलेल्या पाण्यात गोड्या पाण्यातील एक दुर्मीळ कोळंबीवर्गीय जीव वाढतो. ब्रिटनमधून एकोणिसाव्या शतकात नाहीसा झालेला तेथील माळढोकाचा भाऊबंद २००४ पासून याच मैदानावर पुन्हा सोडण्यात आला.

परंतु त्याच मैदानात इंबर नावाचे एक गाव होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते सैन्याच्या सरावासाठी रिकामे करण्यात आले आणि तेथील लोकांना पुन्हा कधीही राहायला जाता आले नाही. गवत वाचले म्हणताना ते गाव विसरता येत नाही, म्हणून माळ सैन्याच्या हवाली करा हा उपाय मी सुचवणार नाही. आपल्या माळावर मेंढपाळ आहेत, त्यांची वहिवाट आहे.

पोखरण आणि सॅलिसबरी प्लेनकडे पाहिल्यावर जे कळते ते माळाविषयीच आहे. सरकारी दप्तरात आपण माळाला ‘पडीक’ म्हणतो, आणि पडीक म्हटले की ते कशासाठीही द्यायला मोकळे होते. नान्नजचे अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले, तरी भोवतीचा माळ ऊस, द्राक्षे, घरे आणि तारांखाली गेला आणि पक्षी दिसेनासा झाला, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. जेथे आधीपासून सैन्याचे मैदान आहे, तेथे मार्च ते सप्टेंबरच्या विणीच्या काळात ठरावीक पट्टे सरावातून वगळणे, उन्हाळ्यातील गोळीबाराआधी, आग पसरू नये म्हणून, जाळरेषा काढणे आणि वनविभागाने लष्कराच्या सहकार्याने दरवर्षी पक्ष्यांची व खुरांच्या प्राण्यांची गणना करणे, हे नक्कीच करता येईल. अमेरिकेतील फोर्ट ब्रॅग येथे एका दुर्मीळ सुतार पक्ष्यामुळे १९९० च्या सुमारास सरावावर बंधने आली, तेव्हा लष्कराने पक्ष्याशी भांडण न काढता शेजारच्या जंगलमालकांशी करार केले. तळाबाहेरही पाइनची जुनी झाडे राखली गेली, पक्षी वाढला आणि तळावरील बंधने सैल झाली.

आपल्या भागातील एका चांगल्या कामाचाही उल्लेख करतो. प्रादेशिक सेनेची पर्यावरण बटालियन, १३६ इन्फंट्री बटालियन (महार), छत्रपती संभाजीनगर परिसरातील उजाड डोंगरांवर झाडे लावते आणि तिच्यात बहुतांशी माजी सैनिक आहेत. अशी पहिली बटालियन १९८२ मध्ये मसुरीच्या डोंगरांसाठी उभी राहिली होती. या जवानांबद्दल मला अतिशय आदर आहे, आणि त्या आदरापोटीच एक सूचना करतो. दौलताबादसारख्या डोंगराळ भागात वृक्षलागवड योग्य आहे, पण खऱ्या माळरानावर खड्डे खोदून झाडे लावली तर धाविक, चंडोल, तणमोर यांचे घर मोडते. माळाची राखण कुसळी, पवन्या अशा गवतांची राखण करून होते. लागवडीची जागा ठरवताना वनविभागाने त्यांना ही माहिती आधीच द्यावी.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेची मुख्याध्यापिका आहे. आमच्या गावातून दरवर्षी ऊसतोडीला कुटुंबे नगर जिल्ह्यात जातात. परत आलेल्या एका मुलाच्या दप्तरात धातूचा जाड, गंजलेला तुकडा सापडला. तो म्हणतो, माळावर मिळाला. अशा वेळी काय करावे? (पाटोदा तालुका, जि. बीड)

बाई, हे पत्र आम्हाला उशिरा मिळाले, म्हणून आपल्याशी दूरध्वनीवर बोलणे झाले आणि तो तुकडा पोलिसांकडे गेल्याचे कळले. इतर शाळांसाठी येथे सविस्तर लिहितो.

वस्तू काय आहे हे ओळखण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. रिकामे वाटणारे कवच आत भरलेले असू शकते आणि गंजलेला स्फोटक भाग नव्यापेक्षा अधिक बेभरवशाचा असतो. ती उचलू, हलवू, धुऊ किंवा पाण्यात टाकू नये. मुलांना वर्गातून शांतपणे दूर नेऊन खोली मोकळी ठेवावी, लांब जाऊन ११२ या क्रमांकावर कळवावे आणि बॉम्बशोधक व नाशक पथक येईपर्यंत पोलीस पाटलांना तेथे कोणी फिरकणार नाही एवढे पाहायला सांगावे. मुलाला रागावू नये. त्याला मार बसला तर पुढच्या वेळी दुसरे मूल अशी वस्तू लपवील.

मुलांना या तुकड्यांचे आकर्षण वाटते त्यामागे बहुधा भंगाराचा भाव असतो. पितळ आणि तांबे किलोवर विकले जाते, हे ऊसतोडीच्या टोळीतील प्रत्येक मुलाला माहीत असते. म्हणून दसऱ्यानंतर टोळ्या निघण्यापूर्वी, टोळीचा मुकादम गावात उचल (आगाऊ रक्कम) वाटायला येतो त्या दिवशी, पालकांना शाळेत बोलावून हे समजावून द्यावे. सरावक्षेत्राच्या सीमेवर लाल निशाण लावले असेल तर पलीकडे सरपणालाही जायचे नाही. निशाण उतरलेले दिसले तरी जमिनीत रुतलेले तेथेच राहिलेले असते, ही गोष्ट बायकांना आणि मुलांना वेगळी सांगावी लागते, कारण सरपण आणि शेण गोळा करायला त्याच जातात. जिल्हाधिकारी कार्यालयाकडून सरावाच्या तारखा आणि वर्जित गावशिवारांची यादी मागवून ती मुकादमाच्या हातात द्यावी, आणि साखर कारखान्याच्या शेतकी विभागालाही तिची एक प्रत पाठवावी, कारण उसाच्या फडाशेजारी राहण्याची कोपी (झोपडी) कोठे घालायची हे तेथेच ठरते.